कोल्हापूरजवळ मालगाड्यांची इंजिनं बघायला मित्रांसोबत दिवसभर कुठं जावं?

सरळ मिरजेला जा. कोल्हापूर हे रेल्वेचं टोक, पुढं रूळच नाही. इथं मालगाडी येते ती मालधक्क्यावर रिकामी व्हायला किंवा भरायला. मिरजेत मात्र पुणे, कोल्हापूर, पंढरपूर-कुर्डुवाडी आणि बेळगाव-हुबळी अशा चारही बाजूंनी गाड्या येतात.

आम्ही चौघं मागच्या डिसेंबरात गेलो होतो. सकाळची पॅसेंजर धरली, पंचगंगेच्या पुलावर धुकं होतं, पिशवीत भडंग. मिरजेत उतरल्यावर प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. दहा रुपयांचं असतं आणि दोनच तास चालतं, म्हणून वेळेवर नवीन काढा. रुळात मात्र उतरू नका. तो गुन्हा आहे आणि जिवावरचं कामही. प्लॅटफॉर्मच्या टोकावरून सगळं नीट दिसतं.

जाण्याआधी इंजिनावरची अक्षरं वाचायला शिका. डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांचं, डी म्हणजे डिझेल, ए म्हणजे वरच्या विजेच्या (एसी) तारेवर चालणारं, जी म्हणजे मालगाडीचं. डब्ल्यूडीजी-४ हे ४००० अश्वशक्तीचं डिझेल, तर डब्ल्यूएजी-९ विजेवरचं, ६००० च्या वर. बाजूला शेडचं, म्हणजे इंजिनाची देखभाल होते त्या ठिकाणाचं, नाव असतं. आम्हाला पहिलंच भेटलं ते हुबळीचं डब्ल्यूडीजी-४, मागं भरलेले उघडे डबे.

ती गाडी अर्धा तास सिग्नलला उभी होती. इंजिन नुसतं घुमत होतं, प्लॅटफॉर्मच्या फरशीतून पायाला कळत होतं. सिग्नल पडला, भोंगा झाला, आवाज एकेक पायरी चढत गेला आणि तरी गाडी जागची हलेना. मग पहिल्या डब्याचं कपलिंग, म्हणजे डबे जोडणारा सांधा, ताणलं, ठण्ण! पाठोपाठ दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. तो आवाज आमच्यासमोरून मागं पळत गेला आणि लांब यार्डात विरला. प्रत्येक कपलिंगमध्ये थोडी ढील असते, त्यामुळं सुटताना सगळा भार एकदम ओढावा लागत नाही. असे ५८ डबे भरलेले असले की वजन चार हजार टनांच्या वर जातं. हे मी वाचलं होतं, पण त्या दिवशी कानांनी ऐकलं. आमच्यापैकी कुणीच फोटो काढला नाही, सगळे बघतच राहिलो.

दुपारी एका मित्रानं सांगितलं, २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला पाणी नेणारी पहिली गाडी बघायला तो इथंच आला होता. दहा टँकर, पाच लाख लिटर पाणी. मालगाडीवर माझा जीव आहे तो यासाठीच. खत, धान्य, सिमेंट, आणि वेळ आली तर पाणीसुद्धा तीच पोचवते.

संध्याकाळी कोल्हापूरला परत आलात तरी लगेच घरी जाऊ नका. टोकाचं स्टेशन असल्यानं मालगाडीचं इंजिन सुटं होऊन बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला येतं. ब्रेकच्या हवेचा होज पाइप सोडताना हवा फुस्सकन सुटते, मग इंजिन एकटंच सावकाश जवळून जातं. आम्ही पाहिलं तेव्हा मागं रिकामे डबे जोडले होते. मिरजेतल्या भरलेल्या मालगाडीला जागचं हलायला जेवढा वेळ लागला होता, तेवढ्यात ही गाडी आमच्या नजरेआड झाली.