तोट्यातली रेल्वे दुर्गम भागात न्यायची, की तोच पैसा पुण्या-मुंबईत घालायचा?

बीड-गडचिरोलीकडे रिकाम्या गाड्या पळवण्यापेक्षा तो पैसा गर्दीच्या शहरांत का घालत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी रोज तळेगावहून शिवाजीनगरला लोकलने येतो, दारात लटकून. त्यामुळे शहराची बाजू घ्यायला मला आवडलंच असतं.

पण तोट्याचं म्हणाल तर आपण तरी कुठे फायद्यात आहोत? काही वर्षांपूर्वी रिझर्व्हेशनच्या तिकिटावरच छापून यायचं, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रेल्वेला वसूल होतात. उरलेलं मालगाड्या भरून काढतात. लोणावळ्यापर्यंत पंधरा रुपयांत जाणाऱ्यांनी बीडवाल्याला फुकट्या म्हणू नये.

खरा फरक असा, की शहराला आपला पैसा उभा करता येतो. पुण्यात घर घेताना मुद्रांक शुल्कात एक टक्का मेट्रोचा अधिभार जातो, म्हणजे साठ लाखांच्या फ्लॅटमागे साठ हजार. (आमच्या घरी यावरून दोन दिवस चिडचिड झाली होती.) शिवाय स्टेशनजवळ वाढीव एफएसआय (म्हणजे तेवढ्याच जागेवर जास्त बांधकामाची परवानगी) विकता येतो आणि युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक कर्जही देते. बीडच्या स्टेशनाशेजारची जमीन विकून किती रूळ टाकून होणार? तिथे सरकारी तिजोरीच लागते.

आणि ती चमच्या-चमच्याने दिली की काय होतं, ते अहिल्यानगर-बीड-परळी मार्गावर दिसतं. २६१ किलोमीटर, खर्च रेल्वे आणि राज्याचा निम्मा-निम्मा. मंजुरी नव्वदच्या दशकातली, तेव्हाचा अंदाज साडेतीनशे कोटींच्या आसपास. तो चार हजार आठशे कोटींच्या घरात गेला आणि बीडहून अहिल्यानगरला गाडी सुटली १७ सप्टेंबर २०२५ ला. माझ्या मते दहा मार्गांचे नारळ फोडण्यापेक्षा दोन पुरे करावेत.

सगळीकडे रेल्वेच हवी असंही नाही. दिवसाला एखादीच फेरी होणार असेल तिथे एसटी वाढवलेली बरी. माझा जुना रूममेट बीडचा. दिवाळीला पुण्यात वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा. अहिल्यानगरला उतरल्यावर पुण्याची गाडी तासाभरात मिळत नसेल, तर तो अजूनही रुमालच टाकेल.