निफाडकडच्या गावातली खूनकथा लिहायची आहे. पात्रं आणि त्यांची नाती कशी बांधू?

आधी सातबारा काढा, संशयित तिथंच सापडतील. गावात नाती रक्ताची असतात, तशीच बांधाची आणि विहिरीचीही.

समजा, एक द्राक्षबागायतदार मेला. सख्खा भाऊ वेगळा निघालेला, पण विहीर सामाईक. पाण्याच्या पाळीवरून वर्षभर बोलणं बंद. बहीण पिंपळगावला दिलेली. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा वाटा मुलाइतकाच. भावांनी हक्कसोडपत्रावर सही मागितली, तिनं नकार दिला, एवढ्यावर माहेर तुटतं. माझ्या मते कथेचं काळीज हीच बहीण. तिला नुसती रडायला आणू नका. दोन्ही भावांचं काय दुखतं हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

बागेची औषधं उधारीवर देणारा दुकानदार, माल उचलून पैसे थकवलेला व्यापारी, फेरफार लावणारा तलाठी हे येतीलच. पोलीस पाटील मात्र जपून लिहा. अनैसर्गिक मृत्यूची खबर ठाण्याला देणं त्याचं कर्तव्य, आणि माणूस त्याच गावचा. त्याला मयताच्या भावकीतला करा. खबर द्यायला त्यानं दोन तास का लावले, हा प्रश्न शेवटपर्यंत पुरेल.

काळ फेब्रुवारीचा धरा. काढणी चालू, बागेतच पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांचा मुक्काम. रात्री कोण आलं, कोण गेलं, त्यांनी सगळं पाहिलेलं असतं. गावातलं कुणी त्यांना विचारत नाही. तुमच्या तपास अधिकाऱ्यानं विचारावं.