चेन जाड नको, पिन कठीण हवी

प्रश्न : काका, नमस्कार. मी म्हापशाचा, वय २४. दीडशे सीसीची, सिंगल सिलिंडर, ओव्हरहेड कॅमची गाडी चेन्नईच्या ट्रॅकसाठी तयार करतोय. क्रँकवर १७ दाते आहेत, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमवर ३४, आणि दोघांना जोडणारी टायमिंग चेन ६.३५ मिलिमीटर पिचची, म्हणजे दोन पिनांमध्ये तेवढं अंतर. गाडी मुळात ९,५०० आरपीएमपर्यंत फिरायची. नवा कॅम आणि कडक स्प्रिंगा टाकून ती ११,००० पर्यंत नेली आहे. दुकानात तीन चेन दाखवल्या : कंपनीची, जाड पट्ट्यांची ‘हेवी ड्यूटी’ आणि जपानी सायलेंट चेन. सर्वांत टिकाऊ कोणती? पैसे जमवले आहेत, पण इंजिन पुन्हा पुन्हा उघडायची ऐपत नाही. हंगाम निघायला हवा.

उत्तर : जाड पट्ट्यांची घेऊ नकोस. तीन चेनांतली तीच सर्वांत मजबूत दिसते, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

चेन कशाने संपते ते बघ. आपण म्हणतो चेन ताणली, लांबली. पण पट्ट्यांचं पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक सांध्यात पिन बुशमध्ये, म्हणजे तिच्याभोवतीच्या छोट्या नळीत, फिरते आणि दोघांची केसभर झीज होते. नव्वदेक सांध्यांची झीज एकत्र आली की चेन लांब झालेली दिसते. तुझ्या मापाच्या चेनला आपण सवयीने रोलर चेन म्हणतो, पण तिच्यात फिरणारा रोलर नसतोच. स्प्रॉकेटचा, म्हणजे दातेरी चाकाचा, दाता थेट बुशवर घासतो. म्हणजे टिकाऊपणा आहे तो पिन आणि बुशच्या कठीणपणात. पट्टी जाड केली की चेन तुटायला जास्त जोर लागेल, पण फोंड्याच्या माझ्या बाकावर आलेल्या चेनांत पट्टी तुटलेली मी क्वचितच पाहिली. झिजलेल्या मात्र डबाभर पाहिल्या.

त्यात जाड चेन जड असते. तुझ्या क्रँकच्या एका फेऱ्याला १७ कड्या पुढे जातात, म्हणजे जवळजवळ १०८ मिलिमीटर. ११,००० आरपीएमला चेन सेकंदाला सुमारे २० मीटर धावते. स्प्रॉकेटवरून वळताना ती बाहेर फेकली जाते, आणि तो ओढा वेगाच्या वर्गाने वाढतो. ९,५०० वरून ११,००० वर गेलास की वेग १६ टक्के वाढला, पण चेनला स्वतःच्याच वजनाचा ताण ३४ टक्के जास्त. त्यावर वजनही वाढवलंस तर तो सगळा ताण त्याच पिनांवर पडणार. शिवाय जाड चेन रुंदीलाही थोडी मोठी असते आणि अरुंद बोगद्यात केसिंगला घासू शकते.

सायलेंट चेन चांगलीच असते. तिचे दाते स्प्रॉकेटवर हळुवार बसतात. आवाज आणि धक्का दोन्ही कमी. पण ती तुझ्या स्प्रॉकेटवर चालत नाही. तिला दोन्ही स्प्रॉकेट वेगळ्या दात्यांची लागतात, गाईड, म्हणजे चेनला वाट देणारी पट्टी, तीही जुळवावी लागते. तुझ्या इंजिनासाठी कारखान्यातून निघालेला पूर्ण संच मिळत असेल आणि तुझ्या गटाची नियमावली परवानगी देत असेल, तर विचार कर. स्टॉक गटात, म्हणजे जिथे गाडी जवळजवळ मूळचीच ठेवायची असते, एवढा बदल बहुधा चालायचा नाही. अर्ज भरण्याआधी वाचून घे. नुसती चेन आणून कुठल्यातरी लेथवर दाते कापून घ्यायचे, हे करू नकोस.

उरली कंपनीची. तीच घे, किंवा त्याच पिचची, तेवढ्याच कड्यांची, नावाजलेल्या चेन कारखान्याची. डीआयडी, त्सुबाकी चालतील. चेन्नईची टीआयडीसी आणि कोइम्बतूरची रोलॉन यांनाही कमी लेखू नकोस. पाकिटावर ‘रेसिंग’ लिहिलंय का ते बघू नकोस. दुकानदाराला दोन गोष्टी विचार : पिनेवर कार्बाइडचा कठीण थर आहे का, आणि बुश सलग आहे की पत्रा वळवून केलेला. सलग बुश आतून खरा गोल असतो, म्हणून पिन सगळीकडे सारखी टेकते. वळवलेल्याला सांधा असतो, आणि झीज तिथूनच सुरू होते. चेन एकसंध असू दे, क्लिपचं कुलूप असलेली अजिबात नको. तुझं इंजिन उघडलेलंच आहे, त्यामुळे चेन कापून रिव्हेट मारायचं कारण नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण तू त्याच वाटेवर आहेस. भाच्याची गाडी घेऊन आम्ही इरुंगट्टुकोट्टईला, चेन्नईच्या ट्रॅकवर, गेलो होतो. अनमोड घाट चढून, हुबळी-बंगळूर करत, रात्रभर टेम्पोत. चेन नवी, उत्तम. गाईड जुनीच ठेवली होती. बोटाने चाचपली आणि म्हटलं चालेल. तिच्या नायलॉनमध्ये चेनने दोन खोल चर पाडले होते. तेवढी जागा भरून काढताना चेनची सैल बाजू दाबून धरणाऱ्या टेन्शनरचा दट्ट्या जवळजवळ पूर्ण बाहेर आला होता, पुढे सरकायला त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. सरळ रस्त्याच्या शेवटी भाच्याने वरच्या आरपीएमवरून थ्रॉटल झटकन बंद केला. क्रँक मंदावते, कॅम आपल्या जोराने पुढे जाऊ पाहतो, चेनची सैल बाजू क्षणात बदलते. चेनने दाता सोडला. ३४ दात्यांच्या कॅमवर एक दाता म्हणजे क्रँकचे २१ अंश. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पिस्टनला लागला. भाचा सुखरूप थांबला, पण हेड गेलं आणि त्याचा हंगामही. चेन काढून मोजली, तर ती नव्यासारखी होती. भाच्याने मला एक शब्द विचारला नाही, ते जास्त लागलं.

म्हणून चेन घेशील तेव्हा दोन्ही गाईड, टेन्शनर आणि दोन्ही स्प्रॉकेट एकाच दिवशी नवी घे. झिजलेल्या दात्यावर नवी चेन काही तासांत जुनी होते. स्प्रॉकेट मात्र मूळ दात्यांचीच ठेव. १७ हा विषम आकडा आहे, चेनच्या कड्या सम; त्यामुळे तोच दाता पुन्हा पुन्हा त्याच कडीला भेटत नाही आणि झीज सगळीकडे वाटली जाते. इंजिन घडवणाऱ्याने ते विचार करूनच ठरवलेलं असतं.

बसवण्याआधी चेन पेट्रोलने धुऊ नकोस. सांध्यात भरलेलं वंगण निघून जातं. रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेव. आणि नवी असतानाच मोज : टोकाला थोडं वजन बांधून लटकव आणि २० पिचांचं अंतर व्हर्निअरने घे. ते १२७ मिलिमीटर भरायला हवं. वहीत लिही. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते ती रस्त्यावरच्या गाडीची. रेसच्या इंजिनात मी अर्ध्या टक्क्याला चेन काढतो, म्हणजे याच २० पिचांत साधारण ०.६ मिलिमीटर वाढ दिसली की. हा माझा नियम आहे, पण त्याने मला कधी फसवलं नाही.

इतकी घाई का, तेही ऐक. तुझ्या कॅम स्प्रॉकेटचा घेर २१६ मिलिमीटर आहे. चेनची ताणलेली बाजू १ मिलिमीटर लांबली, तर कॅम क्रँकच्या हिशेबाने ३.३ अंश मागे पडतो. खालची ओढ कमी होते. पण मला काळजी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची वाटते. तो उशिरा मिटू लागला की वर येणारा पिस्टन त्याच्या आणखी जवळ जातो. तुझा नवा कॅम आधीच व्हॉल्व्ह जास्त उचलत असेल. पिस्टनवर प्लॅस्टिसिनची गोळी ठेवून हाताने दोन पूर्ण फेरे फिरव, गोळी कापून जाडी मोज. मी इनलेटला दीड आणि एक्झॉस्टला २ मिलिमीटरहून कमी ठेवत नाही. मग डिग्री व्हील, म्हणजे अंशांच्या खुणांची तबकडी, क्रँकला लावून टायमिंग पक्कं कर. खुणा जुळल्या एवढ्यावर भागवू नकोस.

तेल. तुझ्या गाडीत क्लच आणि चेन एकाच तेलात असतात. रेसच्या सुरुवातीला क्लच जळतो आणि त्याचा चुरा थेट पिन-बुशच्या फटीत जाऊन पॉलिशपेपरसारखं काम करतो. प्रत्येक रेसनंतर तेल आणि फिल्टर बदल, जाळी काढून बघ. काळे किंवा पिवळट प्लॅस्टिकचे तुकडे सापडले तर गाईड कापली जातेय, हेड उघड. आणि आपल्या गोव्यात एक वेगळी गोष्ट : जून ते सप्टेंबर गाडी बंद राहते, दमट खारी हवा आत शिरते. पावसाआधी जुनं तेल काढून नवं भर. महिन्यातून एकदा प्लग काढून किक मारून इंजिन फिरव, म्हणजे चेनवर तेल राहील. पाच मिनिटं चालू करून बंद करणं नको. तेवढ्यात इंजिन तापत नाही, उलट आत पाणी साचतं.

तयार झाल्यावर चोर्ल्याच्या घाटात ती पळवून बघू नकोस. सेटिंग ट्रॅकच्या सरावाच्या दिवशी कर.

प्रश्न : माझ्या रेस गाडीत ऑटोमॅटिक टेन्शनर काढून बोल्टचा मॅन्युअल बसवू का? मित्र म्हणतात चेन कायमची घट्ट राहते. (एक वाचक, साखळी)

उत्तर : चेन ‘कायमची घट्ट’ राहिली तर तेच नुकसान आहे. ऑटोमॅटिकची स्प्रिंग वरच्या आरपीएमला मागे सरकते असं तुम्ही प्रत्यक्ष पाहिलं असेल, तर मॅन्युअल जरूर लावा. पण बोल्ट आवळून आवाज पूर्ण बंद करू नका. इंजिन गरम झालं की ॲल्युमिनियमचं हेड-ब्लॉक चेनपेक्षा जास्त फुगतं आणि चेन आणखी ताणली जाते. मग गाईड कापली जाते आणि पिनांवरचं तेल पिळून निघतं. गरम इंजिनावर, बंद करून, बोट जाईल तिथून चेन दाबून बघा, किंचित हलली पाहिजे. चेक नट आवळा, बोल्टवर रंगाची खूण करा, आणि प्रत्येक रेसआधी ती जागेवर आहे का ते पाहा.