लेख वेगळा, क्लास वेगळा

प्रश्न: मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात अर्थशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे. स्थानिक दैनिकात अधूनमधून लिहिते. मागच्या महिन्यात उसाच्या थकीत बिलांवर लिहिलं. आमच्या संस्थेचे काही पदाधिकारी साखर कारखान्याचे संचालकही आहेत. लगेच कारणे दाखवा नोटीस आली: परवानगीशिवाय लेखन करता आणि रविवारी स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर मानधन घेऊन शिकवता. स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, माफीनामा दे आणि मोकळी हो. काय करू?

उत्तर: ताई, माफीनामा देऊ नका. तो सेवापुस्तकाबरोबर निवृत्तीपर्यंत राहतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी तोच तुमच्यासमोर धरला जातो.

नोटिशीत दोन गोष्टी मुद्दाम एकत्र बांधल्या आहेत. त्या आधी सोडवा.

ऊस गाळपाला गेल्यावर 14 दिवसांत पैसे द्यावेत, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी हे लिहायचं नाही तर कोणी लिहायचं? नोकरी धरली म्हणून नागरिकाचे मूलभूत हक्क गळून पडत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने कामेश्वर प्रसाद खटल्यात 1962 सालीच सांगितलं, आणि तेही थेट सरकारी नोकरांबद्दल. उच्च शिक्षणातल्या शिक्षकांबाबत युनेस्कोची 1997 ची शिफारस आहे. ती तर म्हणते की ज्या संस्थेत काम करता तिच्याबद्दलही मोकळेपणाने मत मांडता आलं पाहिजे. शिफारस कायद्यासारखी बंधनकारक नसते. पण उत्तरात तिचा उल्लेख जरूर करा.

क्लासचं तसं नाही. इथे मी तुमच्या बाजूने डोळे झाकून बोलणार नाही. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीतली आचारसंहिता म्हणते की कामात अडथळा येण्याचा संभव असेल अशी दुसरी नोकरी, खासगी शिकवणी, कोचिंग क्लास शिक्षकाने टाळावेत. म्हणजे कसोटी अडथळ्याची आहे. रविवारी कॉलेज बंद असतं, तुमचे आठवड्याचे 16 तास पूर्ण होतात, हे टाइमटेबल आणि दैनंदिनीवरून दाखवता येईल. तरीही आपलाच विद्यार्थी फी भरून त्या क्लासला बसत असेल, तर ते मला चुकीचं वाटतं. तूर्त क्लास थांबवा आणि लेखी परवानगी मागा. लेखासाठी मात्र परवानगीचा अर्ज करू नका.

हा वाद आपल्याकडे जुना आहे. 1890 मध्ये टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, त्यामागे हेही एक कारण होतं. आजीव सदस्यांनी सगळा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची कामं घेऊ नयेत, हा टिळकांचा आग्रह. गोखल्यांनी सार्वजनिक सभा या पुण्यातल्या राजकीय संस्थेचं चिटणीसपद घेतलं, ते त्यांना पटलं नाही. वेळेचा तो मुद्दा आजही मला गंभीर वाटतो. पण त्याच संस्थेच्या फर्ग्युसनमध्ये शिकवत आगरकर ‘सुधारक’ हे वृत्तपत्र चालवत होते. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तरी पुढे ते तिथेच प्राचार्य झाले.

तासिका तत्त्वावरचे, म्हणजे तासागणिक मानधन मिळणारे प्राध्यापक हे वाचत असतील, त्यांच्याबद्दल मला फार वाईट वाटतं. सुट्टीत एक पैसा हातात पडत नाही, घर चालवायला दोन-दोन कॉलेजांत धावावं लागतं. ‘बाहेरची नोकरी नको’ हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि त्यांना गप्प करायला नोटीसही लागत नाही. पुढच्या जूनमध्ये फोन येत नाही, एवढंच.

आता उत्तराचं. नोटिशीतली मुदत पाळा. पहिल्या परिच्छेदात फक्त लेख: कोणत्या परिनियमाच्या (विद्यापीठाच्या नियमाच्या) कोणत्या कलमाचा भंग झाला ते कळवावं, अशी मागणी. दुसऱ्यात फक्त क्लास. ‘दिलगीर’ हा शब्द कुठेही नको. दोन प्रती काढा, कार्यालयात स्वतः जा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का, सही घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. कारकून घेत नसेल तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. प्रकरण पुढे गेलं तर आधी विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे जा. नोकरीतून काढलं किंवा पदावनत केलं, तर विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. तिथे पहिल्यांदा हीच शिक्क्याची प्रत मागतील.