जुन्या ई-मेलमधल्या मराठीची चिन्हं झाली आहेत, कोणता कन्व्हर्टर वापरू?

तुमचा प्रश्न मला असा कळला: वडिलांची २००२ ते २००९ मधली पत्रं आऊटलूक एक्सप्रेसमध्ये होती, ती हार्ड डिस्क आता हाती आली आहे आणि पत्रं थंडरबर्डमध्ये आणायची आहेत. पण उघडून पाहिलं तर काही पत्रांत चिन्हं, काहींत इंग्रजी अक्षरांची खिचडी आणि काहींत नुसती प्रश्नचिन्हं.

कन्व्हर्टरकडे येतो, पण आधी एक कळकळीची विनंती. त्या डिस्कची जशीच्या तशी प्रत करा, मूळ डिस्क कपाटात ठेवा आणि जे काही कराल ते प्रतीवर करा. वाचता येत नाही तोवर कशालाही 'सेव्ह' करू नका.

असं का म्हणतो, ते सांगतो. माझ्या मामाने मस्कतहून आईला लिहिलेली पत्रं मला अशीच चिन्हांच्या रूपात मिळाली होती. मी स्क्रीनवरचा मजकूर उचलून नव्या फाइलमध्ये चिकटवला, सेव्ह केला आणि जुना संगणक भंगारात दिला. पुढे उलटं रूपांतर केल्यावर पत्रं परत आली, पण सगळ्या पत्रांतून दोनच अक्षरं नाहीशी झाली होती: ठ आणि भ. 'भाऊबीज'मधला भ नाही, 'आठवण'मधला ठ नाही. हीच दोन का, हे कळायला मला काही दिवस लागले, आणि ते कळलं तेव्हा अख्खा रोगच कळला.

यूटीएफ-८ ही यूनिकोड मजकूर (जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणारी पद्धत) साठवायची रीत. तिच्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रासुद्धा, तीन बाइटचं असतं. म म्हणजे ई०, ए४, एई (बाइट असे षोडशमान पद्धतीत, दोन-दोन खुणांनी लिहितात: ० ते ९ आणि इंग्रजी ए ते एफ). पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, आणि अक्षर ठरतं ते बहुतेक तिसऱ्यावर. आता वाचणाऱ्या प्रोग्रामने हा मजकूर विंडोज-१२५२ मधला, म्हणजे युरोपीय लिपीतला समजला, तर तो प्रत्येक बाइटचं वेगळं चिन्ह काढतो. ई० म्हणजे डोक्यावर तिरपी रेघ असलेला इंग्रजी ए, ए४ म्हणजे चार पाय फुटलेलं वर्तुळ, ए५ म्हणजे येनचं चिन्ह. तुमच्या पत्रांत ही जोडी ओळीओळीने दिसत असेल तर आनंदच माना. मजकूर शाबूत आहे, फक्त त्यावरचं लेबल चुकलं आहे. 'मराठी' शब्दातली दीर्घ वेलांटी तर युरोचं चिन्ह होऊन दिसते.

ठचा तिसरा बाइट ए०. युरोपीय कोष्टकात तो न तुटणारा स्पेस आहे. कॉपी-पेस्ट करताना त्याचा साधा स्पेस होतो आणि ठ गेला. भचा तिसरा बाइट एडी, म्हणजे न दिसणारा हायफन. तो वाटेत कुठेतरी गळून पडतो. ७ या आकड्याचं तेच, त्यामुळे जुन्या पत्रांतल्या तारखा आणि फोन नंबर जरूर तपासा. मामाची पत्रं शेवटी मी याच हिशोबाने दुरुस्त केली: ए४ नंतर स्पेस दिसला की ठ, ए४ नंतर लगेच पुढचा ई० आला की भ. एफटीएफवाय नावाची पायथनची लायब्ररी स्पेस झालेला ए० स्वतःच ओळखते, गळलेला एडी मात्र मला हाताने घालावा लागला.

याहून वाईट बाब जोडाक्षरांची. विंडोज-१२५२ च्या कोष्टकात पाच जागा रिकाम्या आहेत: ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. आणि ऱ्हस्व उकाराचा तिसरा बाइट नेमका ८१, हलन्ताचा, म्हणजे जोडाक्षर घडवणाऱ्या पाय मोडण्याच्या खुणेचा, ८डी! काही प्रोग्राम या जागा जशाच्या तशा पुढे नेतात, काही तिथे प्रश्नचिन्ह टाकून मोकळे होतात. तरी ए५ नंतर प्रश्नचिन्ह असेल तर व्यवहारात ते उकार किंवा हलन्त, यापैकीच असतं. 'पत्र' की 'पतुर' हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. ए४ नंतर प्रश्नचिन्ह असेल तर चंद्रबिंदू, ऍ, ए, ऐ किंवा झ. हे काम यंत्रावर सोडू नका, स्वतः वाचून करा.

आता फायलींकडे. आऊटलूक एक्सप्रेस प्रत्येक फोल्डरची एक डीबीएक्स फाइल करतं आणि त्यात पत्रं आली तशीच, मूळ बाइटसह ठेवतं. हे तुमचं नशीब. अनडीबीएक्स हा छोटा मोफत प्रोग्राम त्यातून एकेक पत्र ईएमएल, म्हणजे एका पत्राची एक फाइल, म्हणून बाहेर काढतो. मग थंडरबर्डला इम्पोर्टएक्स्पोर्टटूल्स एनजी हे ॲड-ऑन जोडून ती आत घ्या. पत्रांची संख्या दोन्हीकडे जुळते का ते मोजा. वडिलांनी मधल्या काळात मोठं, म्हणजे ऑफिसबरोबर येणारं, आऊटलूक वापरलं असेल तर पीएसटी फाइल असेल. तिला रीडपीएसटी हा प्रोग्राम लागतो. २००३ च्या आधीच्या आऊटलूकमधली पीएसटी यूनिकोड जाणत नव्हती, आणि अशा प्रोग्रामना वापरता येईल असं देवनागरीचं सिस्टीम कोडपेज, म्हणजे अक्षरांचं जुन्या पद्धतीचं कोष्टक, विंडोजमध्ये नव्हतं. त्या फाइलमधल्या विषयाच्या ओळीत सलग प्रश्नचिन्हं असतील तर ती अक्षरं साठवतानाच गेली. अशा वेळी ज्याला पत्र पाठवलं होतं त्याच्याकडची प्रत मागा. मी अशी तीन पत्रं मावशीकडून मिळवली.

पत्र ठीक पण विषयाच्या ओळीत मधेच काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह, हा प्रकार वेगळा आहे. विषयाच्या ओळीतल्या सांकेतिक तुकड्याला ७५ अक्षरांची मर्यादा असते. बेस-६४, म्हणजे बाइट साध्या इंग्रजी अक्षरांत लिहायची रीत, तिच्यात एका देवनागरी अक्षराची चार अक्षरं होतात, तेव्हा एका तुकड्यात मात्रा धरून जेमतेम पंधरा बसतात. नियमाने अक्षराच्या मधे तोडायचं नसतं, पण काही प्रोग्राम तोडतात. तुकडे आधी बाइटमध्ये उलगडा, ते बाइट जोडा आणि मग यूटीएफ-८ म्हणून वाचा, अक्षर सांधलं जातं.

राहिली इंग्रजी अक्षरांची खिचडी. ती बहुधा श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फॉन्टमधली आहे. तिथे एन्कोडिंग (बाइट कोणत्या कोष्टकाने वाचायचे ते) बदलून काहीही होणार नाही, कारण संगणकाच्या लेखी तो मजकूर खरोखरच इंग्रजी अक्षरांचा आहे, मराठी चेहरा फक्त फॉन्टचा. पत्राचा सोर्स (खुणांसकटचा कच्चा मजकूर) उघडा आणि फॉन्टचं नाव शोधा. त्या नेमक्या फॉन्टचाच कन्व्हर्टर हवा, कारण एकाचं कोष्टक दुसऱ्याला चालत नाही. या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर, त्यामुळे कन्व्हर्टरला क्रमही उलटावा लागतो. परीक्षेला 'निर्मिती' आणि 'दुसऱ्या' हे शब्द द्या. 'दुसर्या' असं बाहेर आलं तर तो कन्व्हर्टर मराठी जाणत नाही, दुसरा शोधा. आणि पूर्ण पत्र त्यात घालू नका. फॉन्टच्या खुणेतला मजकूर तेवढाच घाला, नाहीतर ई-मेलचे पत्ते आणि इंग्रजी नावंसुद्धा मराठी अक्षरांचा कचरा होऊन बाहेर येतात.

तुमच्याकडे तिन्ही प्रकार मिसळलेले दिसतात, तेव्हा आधी पत्रांचे तीन ढीग करा आणि चिन्हांचा ढीग पहिला घ्या, तो सर्वांत लवकर सुटतो. अडलात तर एखाद्या पत्राच्या सोर्सच्या वीसेक ओळी, नावं आणि पत्ते खोडून, खाली कमेंटमध्ये टाका. कोणत्या ढिगातलं ते मी पाहून सांगेन.