२४ पानांच्या कॉमिकमध्ये सुपरनायिकेचं प्रेम, साथीदार आणि खलनायक कसे बसवायचे?

तिघांना वेगळी पानं वाटून दिलीत की फसलात. प्रेमाची चार पानं सलग आली की वाचक ती उलटून थेट मारामारीवर जातो. एकाच प्रसंगात तिघांना अडकवा. समजा, नायिका रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरची आणि खलनायक बंदी असलेली एलईडी मासेमारी (प्रखर दिव्यांनी मासे ओढून पकडणं) करणारा बोटमालक. तिचा प्रियकर त्याच्याच बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख खलाशी असेल, तर बोट अडवणं म्हणजे त्याचं पोट अडवणं. हे नातं साथीदारांना आठव्या पानापर्यंत कळू द्या, शेवटाला ठेवलंत तर त्यांच्या संशयाला जागाच उरत नाही. साथीदार दोनच पुरेत. पाच घेतलेत तर नुसते पोशाख दिसतात.

काळ जुलैचा घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, त्यामुळे रात्री समुद्रात झगझगीत दिवे दिसले की संशय खलनायकावरच.

पानाला पाच-सहा चौकटी, संवादाच्या फुग्यात फार तर वीस शब्द. धक्का सम पानावर ठेवा, म्हणजे पान उलटल्यावरच दिसेल. फुग्यातल्या ओळींत अंतर जरा जास्तच सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसतात.