वर्खाच्या पट्ट्या आणि आंधळी झालेली रडार

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कागदाच्या पट्ट्या टाकून जर्मन रडार बंद पाडल्याचे वाचले. हे कसे शक्य झाले? जर्मन रात्रलढाऊ विमानांत स्वतःचे रडार असूनही त्यांना खरे विमान का ओळखता आले नाही? — एक वाचक, सांगली

उत्तर : रडार बंद पडले नव्हते. ते चालू होते, पण त्याच्या पडद्यावर एवढे प्रतिध्वनी उमटत होते की त्यांतून विमान वेगळे काढणे अशक्य झाले. २४ जुलै १९४३ च्या रात्री हॅम्बुर्गवर निघालेल्या ७९१ विमानांनी या पट्ट्या प्रथमच वापरल्या. एका बाजूस ॲल्युमिनियमचा वर्ख लावलेली, सुमारे २७ सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद अशी ही पट्टी असे. प्रत्येक विमानातून दर मिनिटाला २२०० पट्ट्यांचा एक गठ्ठा सोडला जाई. सगळे मर्म पट्टीच्या लांबीत होते. तरंगलांबीच्या साधारण निम्म्या लांबीचा धातूचा तुकडा त्या लहरी अतिशय जोराने परावर्तित करतो, आणि जमिनीवरच्या 'व्युर्झबुर्ग' रडारची तरंगलांबी ५४ सेंटिमीटरच्या आसपास होती. लढाऊ विमानातल्या 'लिश्टेनश्टाइन' रडारची तरंगलांबीही सुमारे ६१ सेंटिमीटर असल्याने तेही याच पट्ट्यांनी फसले.

मात्र खरा घाव बसला तो जर्मनांच्या कार्यपद्धतीवर. विमानातील रडारला जेमतेम तीन-चार किलोमीटरपर्यंतचेच दिसे. म्हणून जमिनीवरील नियंत्रक एका व्युर्झबुर्गने शत्रूच्या आणि दुसऱ्याने आपल्या विमानाचा माग ठेवून वैमानिकाला रेडिओवरून शत्रूच्या पाठीशी नेऊन सोडत असे, आणि तिथून पुढे विमानात वैमानिकाच्या मागे बसलेला रडारचालक पडद्याकडे पाहत उजवीकडे, डावीकडे, वर, खाली असे सांगत राही. त्या रात्री नियंत्रक आणि रडारचालक दोघांचेही पडदे एकाच वेळी भरून गेले. पट्ट्या हवेत जवळजवळ जागीच तरंगत असल्याने त्यांचे ठिपके लढाऊ विमानाच्या दिशेने झपाट्याने जवळ येत, तर बॉम्बफेकी विमानाचा ठिपका सावकाश सरके. हा भेद अनुभवी रडारचालक पुढे ओळखू लागले, पण पहिल्या रात्री ती सवड कोणालाच मिळाली नाही. ब्रिटिशांची केवळ १२ विमाने पडली. हा आकडा नेहमी कौतुकाने सांगितला जातो. परंतु त्याच मोहिमेत, २७ जुलैच्या रात्री, हॅम्बुर्गमध्ये उठलेल्या अग्निवादळात हजारो नागरिक जळून आणि गुदमरून मेले, हे त्याच्या शेजारी लिहिल्याशिवाय माझ्याने पुढे जाववत नाही.

ही युक्ती जर्मनांनाही ठाऊक होती. आपलीच युक्ती शत्रू आपल्यावर उलटवील, या भीतीने दोन्ही बाजूंनी ती दडवून ठेवली होती. पुढे जर्मनांनी सुमारे ३.३ मीटर तरंगलांबीचे 'एसएन-२' रडार आणले, ज्यावर आखूड पट्ट्यांचा परिणाम होत नव्हता. त्याचबरोबर वैमानिकांना ठरावीक चौकटीत न अडकवता थेट शत्रूच्या ताफ्यात शिरण्याची मोकळीक मिळाली. ३० मार्च १९४४ च्या रात्री न्यूर्नबर्गवर गेलेल्या ७९५ पैकी ९५ ब्रिटिश विमाने परतली नाहीत.

एसएन-२ चे गुपित फुटले ते एका चुकीने. १३ जुलै १९४४ रोजी एक जर्मन युंकर्स ८८ विमान दिशा चुकून इंग्लंडमधील वुडब्रिजच्या धावपट्टीवर उतरले आणि ते रडार ब्रिटिशांच्या हाती आयते पडले. त्यानंतर या नव्या तरंगलांबीसाठी लांब पट्ट्या वापरात आल्या. त्याच विमानात शेपटाकडील धोक्याची सूचना देणाऱ्या ब्रिटिश 'मोनिका' रडारच्या लहरी पकडून माग काढणारे यंत्रही सापडले, आणि बॉम्बफेकी विमानांवरची मोनिका काढून टाकण्यात आली.